एका पऱ्हाटीची चार नावं

१९०७ साली कापसाच्या झाडावर दोन ग्रंथ निघाले. एक लंडनहून, सर जॉर्ज वॅट यांचा; जगभरातल्या रानटी आणि लागवडीच्या कपाशींचा. दुसरा हिंदुस्थान सरकारच्या शेतकी खात्याच्या ग्रंथमालेत, जॉर्ज अलेक्झांडर गॅमी यांचा. फक्त हिंदुस्थानातल्या कपाशींचा. गॅमी सिक्कीम-दार्जिलिंगच्या डोंगरांत वनस्पती गोळा करून पुढे पुण्याच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक झालेले. दोन्ही ग्रंथांत एक झाड समान होतं. मध्य प्रांतात हिंगणघाटच्या बाजूला त्याला ‘बनी’ म्हणत, निजामाच्या मराठवाड्यात ‘गावरानी’. वॅटनं त्याला ‘गॉसिपियम नानकिंग’ या जातीचा बनी नावाचा प्रकार ठरवलं. गॅमीनं त्याला ‘गॉसिपियम इंडिकम’ म्हटलं. पुढच्या चाळीस वर्षांत त्याच झाडाला शास्त्रानं आणखी दोन नावं दिली. झाड होतं तिथंच होतं: नांदेड, बिलोली, देगलूर, कंधारच्या काळ्या रानात.

कंधारला इतिहासाचे अभ्यासक येतात ते किल्ल्यासाठी आणि राष्ट्रकूटांच्या जगत्तुंग तळ्यासाठी. बालाघाटच्या रांगा, मधून वाहणारी मन्याड, खोऱ्यात भारी काळी जमीन आणि माथ्याला मुरमाड बरड, अशी या मुलखाची ठेवण. मृगाचा पाऊस पडला की सरकी शेणमातीत घोळून, चोळून गुळगुळीत करायची, म्हणजे तिच्यावरचा रुईचा केसाळपणा दबतो आणि ती तिफणीच्या नळ्यातून न अडकता सुटते. मधूनमधून तुरीचं तास. तिफणीला जुंपलेले बैल याच गावाच्या नावानं ओळखले जाणारे लाल कंधारी. दसरा-दिवाळीपर्यंत पाऊस परतून जायचा आणि खरी परीक्षा तिथून पुढे. गावरानीचं सोटमूळ खोल जातं. वरचा पाऊस थांबला तरी काळ्या जमिनीच्या पोटातल्या ओलीवर पऱ्हाटी उभी राहते आणि वेचणी थंडीभर चालते. फूल पिवळं, पोटात तांबडा ठिपका. बोंड लहान, टोकाकडे निमुळतं, खाली मान घातलेलं. रुई कमी, पण मऊ आणि त्या काळच्या देशी कापसांच्या मानानं लांब धाग्याची.

शेतकऱ्याला एवढी ओळख पुरत होती. भारी जमिनीतली कोणती, बरडावरची कोणती, आधी कोणती फुटते, कोणत्या सरकीवर म्हैस दूध जास्त देते, हे त्याला ठाऊक होतं. मग लॅटिन नावांची गरज कोणाला पडली?

गरज मुंबईच्या बाजाराला पडली. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिकडचा कापूस अडला आणि लँकेशायरच्या गिरण्यांनी हिंदुस्थानाकडे मोर्चा वळवला. भाव चढला तशी भेसळही चढली. ओलावा, माती, सरकीचा चुरा, आखूड धाग्यात चार मुठी लांब धागा. मुंबई सरकारला १८६३ मध्ये कापसातल्या लबाडीविरुद्ध कायदाच करावा लागला. व्यापाऱ्यांची स्वतःची वर्गवारी होती: भडोच, धोलेरा, बंगाल, ऊमरा. ऊमरा म्हणजे उमरावतीचा, पण या एका नावाखाली वऱ्हाड, खानदेश, बार्शी, नगर आणि निजामाच्या मुलखातला मालही जायचा. मुंबईच्या पेढीवरचा जाणकार दोन्ही अंगठ्यांत रुईचा पुंजका धरून ओढायचा, उरलेले धागे एकावर एक बसवायचा आणि त्या चिमटीवरून गाठीचा भाव ठरायचा. त्याच्या बोटांना झाडाचं पान कसं होतं याच्याशी काही देणंघेणं नव्हतं. पण तीच बोटं दरवर्षी एकच तक्रार करत होती: अमुक बाजारातला माल पूर्वीसारखा येत नाही.

पूर्वीसारखा न येण्याचं कारण बाजारात नव्हतं, जिनात होतं. जुन्या काळी घरचा कापूस घरीच रेच्यावर रेचला जाई. रुई एका अंगाला, सरकी दुसऱ्या अंगाला, आणि सरकी घरातच राही. कोणत्या वावरातली, कितव्या वेचणीची, हे घरातल्या बाईला माहीत असे. बी निवडण्याचं काम असं कोणी मुद्दाम न नेमता होत होतं. वाफेवर चालणाऱ्या जिनिंग फॅक्टऱ्या आल्या आणि ही साखळी तुटली. विसाव्या शतकाच्या तोंडावर हैदराबाद-गोदावरी व्हॅली रेल्वे नांदेड, परभणी, जालना करत मनमाडपर्यंत पोचली. रुळाच्या काठानं जिन आणि प्रेस उभे राहिले. कंधारच्या गाड्या नांदेडच्या मोंढ्याकडे लागल्या. जिनात दहा गावांचा कापूस एका ढिगात, सरकीही एका ढिगात. पेरणीला शेतकरी त्या ढिगातली सरकी आणू लागला. ती कोणाच्या शेतातली, हे सांगणारं कोणी नव्हतं. एका पिढीत गावरानीच्या रानात परक्या कपाशीची झाडं उभी राहिली आणि शेतातच मिसळण झाली, तीही सचोटीच्या माणसाच्या हातून.

गॅमीच्या कामाला ही पार्श्वभूमी होती. पुण्यात येऊन त्याला फार दिवस झाले नव्हते तोच १८९९-१९०० चा मोठा दुष्काळ पडला. त्या काळात लोक कोणते रानकंद, पाला, बिया खाऊन जगले, याची मुंबई इलाख्यापुरती टिपणं त्यानं १९०२ साली प्रसिद्ध केली. गरीब माणसाच्या पोटाशी निगडित झाडांकडे बघण्याची त्याची नजर तिथं दिसते. कापसाचं काम त्यानं त्याच शिस्तीनं केलं. देशाच्या कानाकोपऱ्यातून सरकी मागवायची, शेजारी शेजारी लावायची आणि जिवंत झाड बघून वर्णन लिहायचं. वॅटचा भर वाळवलेल्या नमुन्यांवर होता, मुख्यतः इंग्लंडमधल्या क्यू या वनस्पती-उद्यानाच्या संग्रहातल्या. हा फरक बारीक वाटतो, पण नाही. वाळवलेल्या कागदावरच्या फांदीला बोंडं धरणारी फळफांदी किती आणि नुसती वाढणारी गळफांदी किती हे विचारता येत नाही. ती एक वर्ष जगली की तीन, हेही नाही. नमुन्यांवरून काम करणाऱ्याला प्रत्येक वेगळा कागद म्हणजे वेगळी जात वाटण्याचा मोह होतो. इटलीत पार्लातोरेनं १८६६ मध्ये जगातल्या कपाशींच्या ७ जाती मानल्या होत्या. त्याच देशातल्या तोदारोनं ११ वर्षांत ५४ केल्या. वॅट २९ वर थांबला.

गॅमीच्या यादीत आपल्याकडच्या झाडांची ओळख पटते. गारो डोंगरातली लांबोड्या बोंडांची, भरपूर पण खरबरीत रुईची ‘सर्नुअम’. गुजरातेतली गोल बोंडांची ‘हर्बेसियम’. वऱ्हाड-खानदेशातली ‘नेग्लेक्टम’, तिच्या पोटात पिवळ्या फुलाची एक, पांढऱ्या फुलाची ‘रोजियम’ एक, माळव्याची एक. आणि बनी-गावरानीची ‘इंडिकम’. वेगळेपण कशावरून? पानाची बोटं किती खोल कापलेली, फुलाचा रंग कोणता, पाकळीच्या तळाशी ठिपका आहे का, पात्याभोवतीची, म्हणजे कळीभोवतीची, तीन हिरवी पानं कशी, बोंडाचा आकार काय, सरकीवर केस किती. माळावर उभं राहून डोळ्यांनी दिसेल तेवढंच, पण शिस्तीनं.

या यादीतली पांढऱ्या फुलाची रोजियम पुढे गावरानीच्या मुळावर आली. वऱ्हाड १८५३ पासून इंग्रजांच्या ताब्यात आणि पैनगंगेच्या अलीकडे निजाम. नदी एक, शेतकी खाती दोन. पलीकडे मध्य प्रांताच्या खात्यातल्या क्लाउस्टन यांनी हिशेब मांडला: रोजियमचा धागा आखूड आणि जाडा, पण शंभर शेर कापसात रुई चाळीस शेर निघते, बनीसारख्या चांगल्या धाग्याच्या कपाशीत ती तिशीच्या आसपास रेंगाळते. एकरी उत्पन्नही रोजियमचं जास्त. लांब धाग्याला गिरणी जो चढा भाव देते तो अडत, दलाली आणि भेसळीच्या संशयातून झिरपत शेतकऱ्यापर्यंत पोचतच नाही. मग त्यानं लांब धागा कोणासाठी पिकवायचा? खात्यानं रोजियमचं बी वाटलं. क्लाउस्टनच्या नावानं पुढे बरीच बोटं मोडली गेली, पण माझ्या मते त्याचा हिशेब चुकीचा नव्हता. तो शेतकऱ्याच्या बाजूनं मांडलेला होता. चूक भाव ठरवणाऱ्या साखळीत होती. आणि पांढरं फूल नदीची हद्द पाळणारं नव्हतं. जिनाच्या ढिगातून आलेल्या सरकीबरोबर ते अलीकडेही उमलू लागलं.

पहिल्या महायुद्धानं सरकारला पुन्हा धाग्याची लांबी आठवली. १९१७ मध्ये मॅकेना यांच्या अध्यक्षतेखाली भारतीय कापूस समिती नेमली गेली. तिचा अहवाल १९१९ मध्ये आला. तिच्या शिफारशीतून १९२१ साली मुंबईत भारतीय मध्यवर्ती कापूस समिती उभी राहिली. १९२३ मध्ये दोन कायदे झाले: गाठीमागे उपकर घेऊन संशोधनाला पैसा पुरवणारा आणि चांगल्या कापसाच्या पट्ट्यात बाहेरचा हलका कापूस आणायला बंदी घालणारा. १९२५ मध्ये जिन-प्रेसवर नियम आले. हैदराबाद संस्थानानंही गावरानीच्या पट्ट्यासाठी पुढे अशाच धर्तीचे निर्बंध घातले. हद्दीवर गाड्या अडवून आतला कापूस तपासायचा, हे काम कागदावर सोपं. पण नाक्यावरच्या शिपायानं गावरानी आणि मिसळ यांतला फरक कशावरून ओळखायचा? झाड तर शेतात राहिलेलं, हातात फक्त कापूस.

कापसाची पारख करायला मध्यवर्ती समितीची प्रयोगशाळा माटुंग्याला १९२४ मध्ये निघाली होती. तिथं रुई कातून बघत. एक पौंड रुईतून ८४० यार्डांच्या किती लडी निघतात, तो सुताचा नंबर. गावरानी तिशीच्या घरातलं सूत देई. रोजियमसारख्या कापसातून दहा-बारा नंबरच्या पुढे जायचं तर धागा तुटायचा. व्यापाऱ्याच्या अंगठ्याचं काम इथं यंत्राकडे आलं. जाता जाता एक गोष्ट सांगायला हवी. मोहेंजोदडोच्या उत्खननात चांदीच्या भांड्याला चिकटलेला कापडाचा तुकडा सापडला होता. तो तपासायला याच प्रयोगशाळेत आला, आणि तिथल्या टर्नर व गुलाटी यांनी १९२८ साली दाखवून दिलं की तो कापूसच आहे, देशी कपाशीच्या कुळातला. नांदेडच्या मोंढ्यातल्या मालाची परीक्षा करणाऱ्या माणसांनीच साडेचार हजार वर्षांपूर्वीच्या धाग्याचं निदान केलं.

दरम्यान वर्गीकरणाच्या मुळाशीच सुरुंग लागला होता. उत्तर हिंदुस्थानात मार्टिन लीक नावाचा वनस्पतिशास्त्रज्ञ कपाशींचे संकर करत होता. पानाच्या बोटाची लांबी आणि रुंदी मोजून त्यांचं गुणोत्तर काढायचं, म्हणजे ‘पान रुंद आहे’ अशा मोघम बोलण्याऐवजी आकडा मिळतो, ही त्याची पद्धत. १९११ मध्ये त्यानं दाखवलं की पिवळ्या आणि पांढऱ्या फुलाच्या कपाशींचा संकर केला तर पहिल्या पिढीत सगळी पिवळी येतात आणि दुसऱ्या पिढीत पांढरी पुन्हा उगवतात, मेंडेलच्या वाटाण्यासारखी. याचा अर्थ गंभीर होता. ज्या रंगावरून गॅमीनं पांढरफुली रोजियम वेगळी काढली, तो रंग एका जनुकाचा खेळ होता. एका आईची दोन लेकरं, एक पिवळं, एक पांढरं; त्यांना दोन कुळांची नावं कशी द्यायची? फांद्यांचं लक्षण त्याला जास्त भरवशाचं वाटलं: बुडातून निघून वर वाढत राहणाऱ्या गळफांद्या किती आणि पाती-बोंडं धरणाऱ्या फळफांद्या किती.

मग १९२३-२४ च्या सुमाराला सूक्ष्मदर्शकाखाली गुणसूत्रं मोजली गेली. रशियात निकोलाजेव्हा आणि इंग्लंडमध्ये डेनहॅम यांनी सांगितलं: आशियातल्या सगळ्या लागवडीच्या कपाशींत १३ जोड्या, अमेरिकेतल्यांत २६. देशी आणि अमेरिकन यांचा संकर सहजासहजी का होत नाही, याचं उत्तर मिळालं. आणि देशीच्या आतली भिंत किती पातळ आहे, तेही कळलं.

हे सगळं एका जागी आणलं ते इंदूरला. तिथली इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्री सर अल्बर्ट हॉवर्ड यांनी १९२४ मध्ये काढली होती. कंपोस्टच्या ‘इंदूर पद्धती’मुळे ती जगाला माहीत झाली, पण तिचं मुख्य पीक कापूस. १९३३ मध्ये जोसेफ बर्ट हचिन्सन तिथं आला. वय तिशीचं, आधी त्रिनिदादमध्ये कापसावर काम केलेला. त्यानं आशिया आणि आफ्रिकेतून सरकी गोळा करून लावली आणि गॅमी-वॅट यांनी वापरलेलं प्रत्येक लक्षण एकेक करून तपासलं. १९३७ मध्ये आर. एल. एम. घोष यांच्याबरोबर त्यानं आशिया-आफ्रिकेतल्या कपाशींचं नवं वर्गीकरण छापलं. त्यात देशी कपाशीच्या दोनच जाती उरल्या: आर्बोरियम आणि हर्बेसियम, म्हणजे लिनियसनं १७५३ साली नोंदवलेलीच दोन नावं. मधल्या सुमारे एकशे ऐंशी वर्षांत वाढलेला सगळा गोतावळा त्यानं या दोन घरांत बसवला.

या दोन घरांतला फरक शेतकऱ्यालाही दाखवता येतो. पात्याभोवतीची तीन पानं बघा. आर्बोरियममध्ये ती रुंदीपेक्षा लांब असतात, फुलाला घट्ट मिठी मारून बसतात, कडेला तीन-चार दात असले तर असतात. हर्बेसियममध्ये ती लांबीपेक्षा रुंद, बाहेर पसरलेली, सहा-आठ दातांची. आर्बोरियमचं बोंड निमुळतं आणि ठिपक्या-खड्ड्यांनी भरलेलं. हर्बेसियमचं गोल, गुळगुळीत. गावरानीचं पातं हातात घेतलं तर ते कोणत्या घरातलं, हे चष्म्याशिवायही कळतं.

फुलाचा रंग, पानाची बोटं, रुईचा रंग, झाडाचा तांबूसपणा: ही लक्षणं हचिन्सननं खालच्या पायरीला ढकलली. कारण सोपं होतं. एका-दोन जनुकांचा खेळ म्हणून ती प्रत्येक मुलखात, कित्येकदा एकाच शेतात, सगळीच सापडतात. वरच्या पायरीला त्यानं ठेवलं झाडाचं आयुष्य, म्हणजे बहुवर्षायू की एका हंगामाचं, आणि त्याचा मुलूख. त्याचा तर्क असा की मूळची कपाशी अनेक वर्षं जगणारं झुडूप होती. माणसानं थंडीच्या आणि कमी पावसाच्या प्रदेशांत तिला नेली, दर हंगामाला पेरलं, लवकर बोंड धरणारी निवडली, आणि वेगवेगळ्या ठिकाणी वेगवेगळी वार्षिक पऱ्हाटी तयार झाली. म्हणून वर्गीकरणात भूगोल महत्त्वाचा. या मांडणीत गावरानीचं तिसरं नाव पडलं: आर्बोरियम जातीच्या नेग्लेक्टम प्रकारातलं ‘इंडिका’ रूप. १९४४ मध्ये सायलो या संशोधकानं आर्बोरियमचे सहा भौगोलिक वंश सांगितले, तेव्हा ती ‘इंडिकम’ वंशात गेली. हे चौथं नाव. गॅमीचा शब्द मागच्या दारानं परत आला, पण जातीचा मान गमावून.

या सहा वंशांच्या नकाशात नांदेड-कंधारची जागा मला सगळ्यात बोलकी वाटते. इंडिकम हा दक्षिणेकडचा, द्वीपकल्पाचा वंश. बंगालेन्स हा उत्तरेकडचा, आखूड आणि जाड्या धाग्याचा. वऱ्हाडची रोजियम त्याच्या नात्यातली. दोन्हींची शीव पैनगंगेच्या दोन्ही काठांवर. तिथं दोन वंश शेजारी नांदत होते आणि जिनानं त्यांची सरकी एका ढिगात टाकली होती. बाजाराची तक्रार, क्लाउस्टनचा हिशेब, नाक्यावरची बंदी, या सगळ्यांच्या मुळाशी असलेला पेच पहिल्यांदा नीट सांगता आला तो असा.

पण सांगता आला म्हणून सुटला नाही. प्रश्न जातीचा राहिलाच नव्हता, एकेका झाडाचा झाला होता. गावरानीचं रान म्हणजे माळेगावची जत्रा: लांबून एकच गर्दी, आत शिरलं तर प्रत्येक जण वेगळा. एका तासात शेजारी शेजारी उभ्या झाडांत एकाचा धागा लांब, दुसऱ्याची रुई जास्त, तिसरं मर रोगानं वाळतंय. चांगलं दिसणारं झाड खरंच रक्तानं चांगलं आहे, की त्याच्या बुडाशी शेणाची पाटी सांडली होती म्हणून फोफावलंय? डोळ्याला हे कळत नाही. इथं इंदूरचा एक मराठी माणूस कामाला आला, विनायक गोविंद पानसे. त्यानं आणि हचिन्सननं १९३७ मध्ये निवडीच्या शेताची रचना कशी करावी यावर निबंध लिहिले. प्रत्येक निवडलेल्या झाडाचं बी वेगळं ठेवायचं, त्याची ओळ एकाच जागी न पेरता शेताच्या अनेक तुकड्यांत पुन्हा पुन्हा पेरायची, तुकड्यांची जागा चिठ्ठ्या टाकल्यासारखी ठरवायची. मग गणितानं वेगळं काढता येतं की फरकातला किती भाग जमिनीचा आणि किती वंशाचा. धाग्याची लांबी फुलाच्या रंगासारखी एका जनुकावर चालत नाही, तिच्यामागे अनेक जनुकांचे छोटे छोटे वाटे असतात, यावरही पानसे यांनी १९४० मध्ये लिहिलं. पुढे सुखात्मे आणि पानसे यांचं शेतीतल्या सांख्यिकीवरचं १९५४ चं पुस्तक कृषी महाविद्यालयांतल्या पिढ्यान्‌पिढ्या विद्यार्थ्यांनी घोकलं. त्यांतल्या किती जणांना माहीत असेल की या शास्त्राचा एक मोठा भाग कापसाच्या ओळीत उभं राहून शिकलेला आहे?

याच मार्गानं मराठवाड्यात गावरानीच्या गर्दीतून एकेक झाड उचललं गेलं. १९३० च्या दशकात गावरानी-६ आला. मग गावरानी-१२, पुढे २२, ४६. लॅटिन नावं कमी होत गेली, त्या काळातच हे आकडे वाढत गेले. या आकड्यांच्या वाणांनी धाग्याला सारखेपणा दिला, माटुंग्याच्या चाचणीत ते उतरले, नांदेडच्या उस्मानशाही मिलसारख्या गिरण्यांना भरवशाचा कापूस मिळाला. मात्र गावरानी-६ म्हणजे एका झाडाची लेकरं. जत्रेतल्या बाकीच्यांना रजा. बरडावर तग धरणारं, उशिरा फुलणारं, किडीला दाद न देणारं जे काही त्या मिसळणीत होतं, त्यातलं किती संग्रहात गेलं आणि किती वखरात, याचा हिशेब मांडणारा पानसे कोणी झाला नाही.

१९४७ नंतरची गोष्ट वेगळ्या झाडाची आहे, म्हणून भराभर सांगतो. फाळणीत सिंध-पंजाबचा लांब धाग्याचा कापूस गेला आणि गिरण्यांना अमेरिकन कपाशी हवी झाली. १९७० मध्ये सुरतेला पहिला व्यापारी संकरित वाण झाला, १९८० च्या दशकात नांदेडच्या केंद्रानं एनएचएच-४४ दिला, आणि तो कोरडवाहू शेतकऱ्यानं डोक्यावर घेतला. पण संकरित सरकी पुढच्या वर्षी पेरून भागत नाही. जिनापाशी सुरू झालेला बी घराबाहेर जाण्याचा प्रवास इथं पुरा झाला. २००२ मध्ये बीटी आलं, २०१७ मध्ये गुलाबी बोंडअळीनं त्याची मर्यादा महाराष्ट्राला दाखवली. आता नांदेड-लातूरकडच्या पुष्कळ रानांत कापसाच्या जागी सोयाबीन आहे. परभणीच्या कृषी विद्यापीठानं मात्र देशीचं काम सोडलं नाही. पीए-२५५, पीए-४०२, पीए-८१२ हे त्याचे वाण आर्बोरियमच्याच घरातले आहेत, आणि त्यांचा धागा जुन्या गावरानीपेक्षा चांगला लांब आहे.

या वाणांना आज नाव मिळवायचं तर २००१ च्या वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्यानुसार परीक्षा द्यावी लागते. वाण इतरांहून वेगळा हवा, सगळी झाडं एकसारखी हवीत, आणि पिढ्यान्‌पिढ्या तो तसाच टिकायला हवा. त्यासाठी कपाशीचा एक लांबलचक तक्ता भरतात. पानाचा आकार कसा, पाकळी पिवळी की पांढरी, तिच्या तळाशी ठिपका आहे का, बोंड गोल की निमुळतं, सरकीवर केस किती. गॅमीच्या वहीतले रकाने जवळजवळ तसेच. हचिन्सननं ज्या लक्षणांना खालच्या पायरीला ढकललं होतं, ती कायद्यानं वर बोलावली, आणि ज्या कारणासाठी त्यानं ढकलली त्याच कारणासाठी: एका-दोन जनुकांची म्हणून ती हवापाण्याला हलत नाहीत. नातं शोधणाऱ्याला ती कुचकामी; माझा वाण तुझ्या वाणाहून वेगळा, हे अधिकाऱ्यासमोर सिद्ध करणाऱ्याला त्यांच्याइतका पक्का साक्षीदार नाही. शेतकऱ्यानं स्वतः सांभाळलेल्या वाणालाही हा कायदा नोंदणीचा हक्क देतो, आणि सारखेपणाच्या अटीत त्याला थोडी सूटही आहे. पण गावरानीचं ते जुनं रान, अर्धी पिवळी फुलं, मधूनच पांढरी, एका तासात चार तऱ्हेची पानं, या तक्त्यात बसवायचं तर प्रत्येक रकान्यात दोन-तीन उत्तरं लिहावी लागतील. सूट तितकी सैल नाही.